प्रत्यारोपणानंतरची मूत्रतपासणी : सुईविना मिळणारी पूर्वसूचना

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तपशिलाबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सुबोध ओळख करून देण्याचा प्रघात आम्ही आजवर सांभाळत आलो आहोत. विश्वस्त, देणगीदार आणि हितचिंतक यांना आपल्या साहाय्यातून काय घडते हे कळावे, तसेच रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्या हाती उपयुक्त माहिती पडावी, असा त्यामागे दुहेरी हेतू आहे. यंदा आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची मूत्रतपासणी हा तो विषय.

आमच्या रुग्णालयात प्रत्यारोपण होत नाही. ते मुंबई, पुणे, वेल्लोर अशा ठिकाणच्या मोठ्या केंद्रांत होते. परंतु प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने संपले की रुग्ण आपल्या गावी परततो आणि त्यानंतर दोन भेटींच्या मधल्या काळात त्याची देखभाल आमच्यासारख्या रुग्णालयांकडे येते. अशाच एका रुग्णाच्या बहिणीने आमच्या परिचारिकेला विचारले होते, "सिस्टर, रक्त तर दर वेळी काढताच. मग ही लघवीची बाटली आणखी कशाला?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर घाईचे व अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

प्रत्यारोपण म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताच्या सर्व पेशी तयार होतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट या तिन्हींचे मूळ असलेल्या पेशींना मूलपेशी म्हणतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अस्थिमज्जा निकामी होण्याचा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा विकारांत रोगग्रस्त मज्जा औषधांच्या प्रखर मात्रेने, क्वचित किरणोत्साराने, नष्ट केली जाते आणि तिच्या जागी निरोगी दात्याच्या मूलपेशी दिल्या जातात. ही शस्त्रक्रिया नव्हे. रक्त चढवावे त्याप्रमाणे पेशींची पिशवी शिरेवाटे दिली जाते. या पेशी आपली वाट काढीत मज्जेत पोहोचतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत तेथे रुजतात. मायलोमासारख्या काही विकारांत रुग्णाच्याच मूलपेशी आधी काढून, साठवून, नंतर परत दिल्या जातात. त्यात दात्याचा प्रश्न उद्भवत नाही.

या उपचाराचा पाया घालणारे अमेरिकन डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांनी रुग्णांना अस्थिमज्जा शिरेवाटे देण्याचे पहिले प्रयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९९० मध्ये त्यांना जोसेफ मरे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले, ही महाराष्ट्राला भूषणावह अशी गोष्ट आहे.

सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. म्हणून अलीकडे आई, वडील अथवा मुले यांच्याकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपणही मोठ्या प्रमाणावर होते. दाता मिळण्याचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटला. गुंतागुंतीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. नव्या पेशी रुजल्या म्हणजे लढाई संपली, असे नसते. जंतुसंसर्ग, मूत्रपिंडांची व यकृताची इजा, मूत्राशयातील रक्तस्राव आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला यांपैकी काहीही पुढील दिवसांत उद्भवू शकते. शेवटच्या प्रकाराला वैद्यकीय भाषेत ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, संक्षेपाने जीव्हीएचडी, म्हणतात. त्वचा, आतडी व यकृत ही त्याची प्रमुख लक्ष्ये होत.

सुई नेहमीच सोपी नसते

एखाद्या अवयवाला इजा झाली आहे काय, हे निश्चित करण्याचा जुना व विश्वासार्ह मार्ग म्हणजे त्या अवयवाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. यालाच बायॉप्सी म्हणतात. प्रत्यारोपणानंतरच्या काळात नेमका हाच मार्ग धोक्याचा ठरतो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ही संख्या वीस हजारांच्याही खाली जाते. अशा वेळी आतड्याचा अथवा मूत्रपिंडाचा तुकडा काढणे म्हणजे सहज न थांबणाऱ्या रक्तस्रावाला आमंत्रण देणे होय. शिवाय बायॉप्सी रोज करता येत नाही. ती एका दिवसाची स्थिती सांगते, आणि रुग्णाची प्रकृती तर दिवसागणिक पालटत असते.

मूत्राचे तसे नाही. शरीर ते आपणहून बाहेर टाकते. ते घेण्यासाठी टोचावे लागत नाही, वेदना होत नाहीत, भूल द्यावी लागत नाही. दररोज घेतले तरी रुग्णाचे काही उणे होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत याचे मोल विशेष आहे. आधीच रक्त कमी असलेल्या बालकाकडून वारंवार रक्त घेणे हाही एक भारच असतो.

मूत्र काय सांगते?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील बहुतेक सगळा परत शोषला जातो आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर पडते. गाळण्याचे काम केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ करतात, तर परत शोषण्याचे काम त्यांना जोडलेल्या सूक्ष्मनलिका करतात. गाळणी धड असेल तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात जवळजवळ उतरत नाही. गाळणी फाटू लागली की प्रथम अल्ब्युमिन निसटते. नलिकांना इजा झाली तर रक्तातील साखर वाढलेली नसतानाही मूत्रात साखर दिसू लागते. मूत्राशयाच्या अस्तराला जखम झाली तर तांबड्या पेशी दिसतात. कोठे बिघडले आहे याचा माग अशा रीतीने मूत्रातून लागतो.

सर्वांत पहिली तपासणी तर प्रयोगशाळेबाहेरच होते. लघवी किती झाली, तिचा रंग कसा आहे, फेस येतो काय, या तीन गोष्टींची ती नोंद होय. प्रत्यारोपण कक्षात पाणी किती दिले व लघवी किती झाली याचा तक्ता तासातासाने भरला जातो आणि वजनही रोज घेतले जाते. लघवी कमी, वजन वाढते, पोट फुगते व कावीळ दिसते, असा मेळ जमला तर यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडत असल्याची शंका डॉक्टर घेतात. या तक्त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. दक्ष परिचारिका व जागरूक नातेवाईक लागतात.

दुसरी पायरी म्हणजे तपासणीची पट्टी व सूक्ष्मदर्शक. पट्टी काही मिनिटांत प्रथिने, साखर, रक्त यांचा अंदाज देते. परंतु तिला मर्यादा आहे. रुग्णाने भरपूर पाणी प्यायले असेल तर लघवी पातळ होते आणि थोडे निसटणारे अल्ब्युमिन पट्टीच्या नजरेतून सुटते. म्हणून तिसरी पायरी आवश्यक ठरते. तीत एकाच नमुन्यातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन मोजून त्यांचे परस्परांशी प्रमाण काढतात. क्रिएटिनिन दिवसभर बहुतांशी एकाच गतीने बाहेर पडत असल्याने लघवी पातळ असो वा घट्ट, प्रमाण फारसे बदलत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन हे सामान्य मानतात. ३० ते ३०० हा सावधगिरीचा टप्पा आणि ३०० च्या पुढे उघड गळती समजतात. चोवीस तासांची लघवी साठविण्याचा खटाटोप या तपासणीमुळे बहुतेक वेळा टळतो.

मूत्राशयातील रक्तस्राव

प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागते. त्याची दोन प्रमुख कारणे आहेत व ती बहुधा वेगवेगळ्या वेळी डोके वर काढतात. पहिले कारण औषधाचे. मज्जा नष्ट करण्यासाठी, तसेच अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणात पेशी दिल्यानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देतात. शरीरात त्याचे विघटन होऊन अ‍ॅक्रोलिन नावाचे दाहक द्रव्य मूत्रात उतरते व मूत्राशयाचे अस्तर भाजून काढते. यावर भरपूर सलाईन व मेस्ना हे औषध असा प्रतिबंधक उपाय आहे. मेस्ना मूत्राशयात अ‍ॅक्रोलिनला बांधून निरुपद्रवी करते.

दुसरे कारण विषाणूचे असून ते सहसा पेशी रुजण्याच्या सुमारास व त्यानंतर दिसते. १९७१ मध्ये लंडन येथे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या मूत्रात एक नवा विषाणू सापडला व त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला बीके हे नाव पडले. हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात बालपणीच शिरतो आणि मूत्रमार्गात निद्रिस्त राहतो. प्रतिकारशक्ती खालावली की तो जागा होतो. पीसीआर तपासणीने मूत्रातील त्याच्या प्रती मोजता येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्यारोपण झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या मूत्रात बीके विषाणू आढळतो. आजार मात्र त्यांतील काहींनाच होतो. म्हणून केवळ अहवाल पॉझिटिव्ह आला एवढ्यावरून निदान होत नाही. लघवीला आग होणे किंवा वारंवार जावे लागणे, डोळ्यांना दिसेल इतके रक्त जाणे आणि एक मिलिलिटर मूत्रात एक कोटीहून अधिक प्रती असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे युरोपीय तज्ज्ञांच्या निकषांनुसार या विकाराचे निदान करतात. निव्वळ कागदावरचा आकडा पाहून विषाणुविरोधी औषध दिल्यास मूत्रपिंडांना विनाकारण इजा पोहोचू शकते, कारण यासाठी वापरले जाणारे सिडोफोव्हिर हे औषध मूत्रपिंडांना जड जाते.

मूत्रपिंडाची गाळणी

जीव्हीएचडी टाळण्यासाठी रुग्णाला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस अनेक महिने घ्यावे लागते. ही औषधे प्राणरक्षक आहेत, पण त्यांनी रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यात जंतुसंसर्गाची औषधे व स्वतः जीव्हीएचडी यांची भर पडते. अमेरिकेतील सिएटल येथील कर्करोग संशोधन केंद्रात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, प्रत्यारोपणाच्या शंभराव्या दिवशी ज्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन जात होते, त्यांना वर्षभरात मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार होण्याचा धोका अधिक होता. तसेच उघड प्रथिनगळती असलेल्यांत मूळ रोग उलटण्याखेरीज अन्य कारणांनी होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात जास्त होते. मूत्रातील अल्ब्युमिन म्हणजे केवळ मूत्रपिंडाची तक्रार नव्हे. शरीरभरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावले गेल्याचीही ती खूण असू शकते.

याचे सर्वांत गंभीर रूप म्हणजे थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी. यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यांतून जाताना तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात व रक्तदाब चढतो. सिनसिनाटी येथील बालरुग्णालयातील डॉक्टरांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, साध्या नमुन्यात एक डेसिलिटरमागे ३० मिलिग्रॅम वा अधिक प्रथिन आणि रक्तातील कॉम्प्लिमेंट या संरक्षक यंत्रणेची अनावर सक्रियता ही दोन्ही चिन्हे एकत्र असलेल्या रुग्णांचे भवितव्य फार बिकट असते. अशा रुग्णांना कॉम्प्लिमेंट रोखणारे औषध लवकर देता यावे म्हणून तेव्हापासून मूत्रातील प्रथिनांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. एवढ्या भयंकर विकाराची एक आरंभीची सूचना साध्या मूत्रतपासणीतून मिळू शकते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आतड्याची बातमी मूत्रात

आतापर्यंतच्या तपासण्या मूत्रमार्गाच्या व रक्तवाहिन्यांच्या होत्या. संशोधकांनी याही पुढचा प्रश्न विचारला. त्वचा व आतडी यांवर होणाऱ्या जीव्हीएचडीची चाहूल मूत्रातून लागेल काय?

जर्मनीतील हॅनोव्हर येथील वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी यासाठी मूत्रातील प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे तपासले. शरीरात कोठेही दाह झाला की कोलॅजेनसारख्या प्रथिनांची मोडतोड बदलते व त्यांचे तुकडे रक्तातून गाळले जाऊन मूत्रात उतरतात. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने केसाएवढ्या बारीक नळीतून हे तुकडे वेगळे करायचे व नंतर त्यांचे वस्तुमान मोजायचे, अशी ही पद्धत आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १४१ रुग्णांचे ५९९ नमुने तपासण्यात आले. ३१ तुकड्यांच्या विशिष्ट नमुनाकृतीवरून तीव्र जीव्हीएचडी ओळखता आला, तोही काही वेळा बाह्य चिन्हे दिसण्यापूर्वी. आजार असलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के या तपासणीने अचूक हेरले आणि आजार नसलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्क्यांना अचूक वगळले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ. आजार असलेल्या शंभरांपैकी सतरांच्या बाबतीत तपासणी गप्प राहते, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी चोविसांच्या बाबतीत ती विनाकारण धोक्याची घंटा वाजविते. अशा खोट्या इशाऱ्यावर विसंबून प्रखर स्टिरॉइड सुरू केले तर जंतुसंसर्ग बळावण्याचे भय असते. म्हणून ही पद्धत आशादायक असली तरी तिने डॉक्टरांच्या डोळ्यांची व बायॉप्सीची जागा घेतलेली नाही. सर्वसामान्य रुग्णालयांत ती उपलब्धही नाही.

दुसरे संशोधन जर्मनीतीलच रेगेन्सबुर्ग येथील. आपल्या आतड्यांत असंख्य उपकारक जिवाणू राहतात. अन्नातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून ते इंडोल नावाचे द्रव्य तयार करतात. इंडोल रक्तात शोषले जाते, यकृतात त्याचे इंडॉक्सिल सल्फेट होते व ते मूत्रातून बाहेर पडते. म्हणजे मूत्रातील इंडॉक्सिल सल्फेट हा आतड्यातील जिवाणूंच्या वस्तीचा एक प्रकारचा हजेरीपट होय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३१ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत ज्यांच्या मूत्रात हे द्रव्य फार कमी होते, त्यांच्यात वर्षभरातील प्रत्यारोपणजन्य मृत्यू अधिक होते. प्रतिजैविके लवकर व मोठ्या प्रमाणावर दिल्याने उपकारक जिवाणूही मरतात, आणि आतड्याचे संरक्षण ढासळते, असा याचा अन्वयार्थ लावला जातो. प्रतिजैविके टाळावीत असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. पांढऱ्या पेशी नसलेल्या रुग्णाला ताप आला असता तीच त्याचे प्राण वाचवितात. ती विचारपूर्वक निवडावीत, एवढाच त्याचा बोध.

आमच्याकडून झालेली एक चूक

हे सर्व ज्ञान पुस्तकात असणे वेगळे आणि रुग्णाच्या पदरी पडणे वेगळे. याची जाणीव करून देणारा एक अनुभव येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अप्लास्टिक अ‍ॅनिमियासाठी भावाच्या मूलपेशी मिळालेला एक तरुण आमच्या बाह्यरुग्ण विभागात दरमहा येत असे. त्याचे रक्त उत्तम भरून आले होते. सायक्लोस्पोरिन हळूहळू कमी करून बंद करण्यात आले होते. तो येई, रक्त देई, रक्तगणना व क्रिएटिनिन पाही आणि आम्ही "सगळे छान आहे" असे सांगून त्याला निरोप देत असू. मूत्रतपासणी त्याच्या केसपेपरवर लिहिलेली होती. परंतु त्याच्या गावची एस. टी. दुपारी पोहोचे आणि तोवर आमच्या प्रयोगशाळेत लघवीचे नमुने घेणे बंद झालेले असे. "पुढच्या वेळी बघू," असे म्हणत काही महिने गेले.

एके दिवशी त्याची आई सोबत आली. त्याच्या पायांत चपला घट्ट होऊ लागल्या आहेत, सकाळी डोळे सुजलेले दिसतात, असे तिने सांगितले. लघवीला साबणासारखा फेस येतो, हे त्यानेही मग संकोचत कबूल केले. नमुना तपासला तेव्हा प्रथिनांची पट्टी गडद झाली. क्रिएटिनिन मात्र त्या दिवशीही सामान्यच होते. त्याला तातडीने प्रत्यारोपण केंद्राकडे पाठविले. प्लेटलेट आता पुरेशा असल्याने तेथे मूत्रपिंडाची बायॉप्सी सुरक्षितपणे झाली व गाळणीच्या पडद्याला सूज आणणारा, दीर्घकालीन जीव्हीएचडीशी संबंधित असा विकार निघाला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबविल्यानंतर तो उद्भवू शकतो. उपचारांनी सूज उतरली व प्रथिनांची गळतीही क्रमाने कमी झाली. परंतु केंद्रातील डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. "गळती केव्हापासून आहे?" नोंदच नसल्याने ते कोणालाही सांगता येईना.

ही चूक रुग्णाची नव्हती, एस. टी.चीही नव्हती. ती आमची होती. क्रिएटिनिन सामान्य म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत, हा समज आम्हीच करून घेतला होता. गाळणी फाटते तेव्हा प्रथिने आधी निसटतात. क्रिएटिनिन पुष्कळ उशिरा चढते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर वेगळी खूण असते व केसपेपर काढतानाच त्याच्या हाती नमुन्याची बाटली दिली जाते. बाह्यरुग्ण विभाग सुरू असेपर्यंत प्रयोगशाळा हा नमुना स्वीकारते. रक्तदाब, वजन, पट्टीची तपासणी आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण यांची नोंद एकाच कागदावर ओळीने होते, जेणेकरून आजच्या आकड्याबरोबर मागचे आकडेही नजरेस पडावेत. बीके विषाणूची पीसीआर तपासणी आमच्याकडे होत नाही. लक्षणे असतील तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविला जातो.

रुग्ण व नातेवाईक यांच्यासाठी

१. शक्य असेल तर सकाळची पहिली लघवी द्यावी. दुरून येणाऱ्यांनी रुग्णालयात पोहोचल्यावर ताजा नमुना द्यावा.

२. जागा पाण्याने स्वच्छ धुवावी. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. बाटलीच्या आत बोट लावू नये. घरातील औषधाची वा लोणच्याची रिकामी बाटली वापरू नये.

३. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. उशीर झाल्यास पेशी फुटतात, जंतू वाढतात आणि अहवाल फसवा येतो.

४. मासिक पाळी चालू असल्यास ते आधी सांगावे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांमुळेही तात्पुरते अल्ब्युमिन जाऊ शकते. म्हणून एका अहवालावरून घाबरून जाऊ नये. तपासणी पुन्हा केली जाते.

५. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगाचे रिफाम्पिसिन हे औषध घेतल्याने लघवी तांबूस दिसू शकते. असे असले तरी रंग बदलल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. ते रक्त आहे की नाही, हे घरी ठरवू नये.

६. लघवीत रक्त वा गुठळ्या, लघवी अडणे किंवा फार कमी होणे, थंडी वाजून ताप, अंगावर सूज, पुरळ, पातळ जुलाब यांपैकी काहीही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे.

७. अहवाल चांगला आला म्हणून औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, आणि वाईट आला म्हणून वाढवूही नयेत.

समारोप

मूत्रतपासणी सर्वज्ञ नाही. ती रक्ततपासणीची किंवा बायॉप्सीची जागा घेत नाही. बायॉप्सी केव्हा करावी, केंद्राकडे केव्हा धाडावे, कोणत्या रुग्णाकडे आजच लक्ष द्यावे, हे ठरविण्यास मात्र ती मदत करते, आणि तेही रुग्णाला न टोचता. तिचे मोल एका अहवालात नसून अहवालांच्या अखंड मालिकेत आहे. ती मालिका तुटली तर तपासणी असूनही नसल्यासारखीच, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

प्रत्यारोपणासाठी कुटुंबे घरदार, जमीन, दागिने पणाला लावतात. सख्खे भाऊ, बहिणी, आईवडील आपल्या शरीरातील पेशी देतात. एवढ्या त्यागाने मिळालेले आयुष्य एका न घेतलेल्या नमुन्यापायी धोक्यात येऊ नये, ही जबाबदारी आमच्यासारख्या छोट्या रुग्णालयांची आहे. आमच्या प्रयोगशाळेतील पट्ट्या, बाटल्या, रसायने व ती वापरणारे हात देणगीदारांच्या औदार्यावरच चालतात. त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. आणि तो प्रश्न विचारणाऱ्या त्या बहिणीचेही. तिने विचारले नसते, तर हे सगळे इतक्या सविस्तर सांगण्याचे आम्हाला कदाचित सुचले नसते.